भाजीचा कप्पा दाखव

माझी मुलगी मृणाल जर्मनीला गेली त्याला महिना व्हायचा होता. रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला होता आणि मी नेहमीप्रमाणं, वाळलीस किती, केस का कापलेस, असलं काहीबाही विचारत बसले होते. शेजारच्या सुमनताई जाधव तेवढ्यात विरजण मागायला आल्या. त्यांनी हातातली वाटी टेबलावर ठेवली, फोन सरळ माझ्या हातातून काढून घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि म्हणाल्या, "मृणाल, फ्रिज दाखव."

"मावशी, फ्रिज कशाला?"

"उघड की. लाजती काय मावशीला? वरचं नको. खालचा भाजीचा कप्पा दाखव."

मृणालनं हसत हसत दाखवला. बटाटे, कांदे, एक सुरकुतलेलं गाजर.

"कोथिंबीर कुठं हाय?"

"इथं ती कुंडीसकट विकतात मावशी. महाग असते."

"मंग कुंडी घे आन् खिडकीत ठेव." फोन माझ्याकडं देऊन त्यांनी निकाल सांगितला, "खुशाल हाय पोरगी. पण दमून येती. बटाट्यावर हाय."

मला राग आला. तेहतीस वर्षं शाळेत पोरांचे चेहरे वाचले, आणि माझ्या मुलीचं मला या बाईनं सांगावं? पण पुढच्या महिन्यात मृणालनंच कबूल केलं, रात्री आठला घरी येते, बटाटे उकडते, मीठ-तिखट लावून खाते आणि झोपते. माझ्याशी ती कपड्यांवर आणि हवेवर बोलत होती. सुमनताईंनी एका कप्प्यात सगळं बघितलं होतं.

सुमनताई आता आमच्या गल्लीत नाहीत. मी मृणालच्या बाळंतपणाला गेले आणि तीन महिन्यांनी परत आले, तर त्यांच्या दाराला कुलूप होतं. कन्नडला भावाकडं राहायला गेल्या. फोन होतो अधूनमधून. पण फोनवर त्या माझीच चौकशी करतात, स्वतःचं काही कळू देत नाहीत. म्हणून मला आठवतात त्या सिडकोतल्याच, भिंतीला भिंत लागलेल्या रो-हाऊसमधल्या.

माहेर कन्नडचं, शेतकऱ्याचं घर, शाळा सातवीपर्यंत. नवरा एसटीत मेकॅनिक, तो पाच वर्षांपूर्वी गेला. विमानात त्या कधी बसल्या नाहीत. चिकलठाण्याचा विमानतळ पाहिला तोही बाहेरून, दुसऱ्यांच्या पोरांना पोचवायला जाऊन. पण आमच्या गल्लीतली सात-आठ पोरं परदेशात, आणि त्या सगळ्या देशांची माहिती या बाईकडं. नकाशातली नव्हे, स्वयंपाकघरातली. कॅनडा म्हणजे जिथं पोरं तळघरात राहतात. दुबई म्हणजे जिथं शेपूपासून अंबाडीपर्यंत सगळं मिळतं, फक्त रजा मिळत नाही. आयर्लंड म्हणजे जिथं पगार बरा, पण घर मिळायची मारामार. तिथं त्यांचा स्वतःचा किरण होता.

कुणाचं पोरगं निघालं की त्याची बॅग भरायला सुमनताईंना बोलावणं जाई. भंगारवाल्याकडून घेतलेला एक ताणकाटा त्यांच्याकडं होता. हुकाला बॅग अडकवायची, दोघांनी उचलायची आणि त्यांनी वाकून आकडा वाचायचा. तेवीस किलो चालतात, पण त्या साडेबावीसवर चेन ओढत. म्हणायच्या, "अर्धा किलो आईच्या जिवाचा. निघताना आई काय ना काय कोंबतीच."

मृणालच्या बॅगेत मी पितळी समई घातली होती. त्यांनी ती काढून माझ्या मांडीवर ठेवली. "दिवा वाटीत बी लागतो, बाई." आणि समईच्या जागी येसराची पिशवी बसवली. भाजलेल्या डाळी-धान्यांचं मसाला घातलेलं पीठ ते, उकळत्या पाण्यात टाकलं की आमटी तयार. मी भांडले. ती माझ्या आईची समई होती हो. त्या ऐकेनात. पुढं थंडीत मृणाल तापानं तीन दिवस पडून होती, तेव्हा त्या येसरावर निघाली. ही गोष्ट मी सुमनताईंना पुष्कळ दिवस सांगितली नाही. माझा स्वभावच तसा, हार लवकर मान्य होत नाही.

बॅग भरून झाली की पोराला समोर बसवून एकच उपदेश. "तिथं काय बी घेताना रुपयात गुणायचं नाय. गुणलं की घास उतरत नाय. भेंडी दिसली, खावीशी वाटली, घ्यायची. गुणत बसशील तर जगायचं राहून जाईल." पोरं मान डोलवायची आणि विमानतळावरच पाण्याच्या बाटलीपासून गुणायला लागायची. सगळीच गुणतात. मीही मृणालकडं एक कप कॉफी रुपयात गुणली आणि निम्मी बशीत तशीच सोडली, मग तिचेही पैसे गुणले.

एकदा आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. आठव्या दिवशी नळ येणार, म्हणून सगळी गल्ली बादल्या, पिंप, कळशा मांडून बसलेली. सुमनताई पाइप धरून उभ्या होत्या आणि खांद्याला लावलेल्या फोनवर किरणला विचारत होत्या, आंघोळ झाली का. तो म्हणाला, परवा केली. त्या थबकल्या. "तुझ्याकडं तर पाणी चोवीस तास हाय ना रे?"

"पाणी आहे गं आई. तापवायला लागतं ना. गॅसचं बिल सगळ्यांत वाटून असतं. एक जण जास्त वेळ आत राहिला की बाकीचे बघतात."

फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "बघा बाई. आपल्याकडं पाणी नाय आन् ऊन लई. तिकडं पाणी लई आन् ऊब नाय. देवानं कुणालाच पुरं दिलं नाय." आणि हसल्या. पण पिंप भरून वाहत होतं तरी त्यांचं लक्ष नव्हतं, नळ मीच बंद केला.

फ्रिज बघायची त्यांची कीर्ती वाढली. आया आपापले फोन घेऊन त्यांच्याकडं येऊ लागल्या. डॉक्टरकडं रिपोर्ट दाखवायला नेतात तशा. कोपऱ्यावरच्या गायकवाडांचा पोरगा कॅनडात. त्यांच्याच घरी त्याची आई शेजारी बसलेली, सुमनताईंच्या हातात फोन. मी मागून बघत होते. फ्रिजमध्ये दुधाच्या बाटल्या, आणि प्रत्येक बाटलीवर कागद चिकटवून वेगवेगळं नाव. अंड्यांच्या खोक्यावर पण नाव. त्या पोराचा असा निम्माच कप्पा, त्यात पाव आणि सॉसची बाटली.

सुमनताईंनी फोन खाली केला आणि गायकवाडबाईंना म्हणाल्या, "झ्याक हाय सगळं. काय फिकीर करू नका."

गायकवाडबाई सुटल्यासारख्या झाल्या. चहा ठेवते म्हणून आत गेल्या. तेवढ्यात सुमनताईंनी फोन पुन्हा तोंडाजवळ आणला आणि हलक्या आवाजात बोलल्या, "किती जण हायेत रे घरात? सात? बरं. अंडी खातो ना? खा. रोज दोन खा. आईला मी सांगत नाय. पण मला खोटं सांगायचं नाय, इमानानं." तो एवढा थोराड पोरगा, कॅमेरा छताकडं वळवून रडला. आम्हाला छताचा दिवा तेवढा दिसत होता.

परत येताना मी म्हटलं, "सुमनताई, त्याच्या आईला खरं कळायला नको?"

"कळून काय करल ती? हितं बसून बेजार व्हईल. आन् पोराला आईचं बेजार तोंड बघावं लागंल. त्यापरीस एकाला ठावं असलं म्हंजे बास."

असं करत करत गल्लीतल्या निम्म्या पोरांचं खरं त्या एका बाईच्या पोटात जमा झालं. ते ओझं किती होतं हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटे, बाई खंबीर आहे.

किरण माझा विद्यार्थी. पाचवी ते सातवी माझ्या वर्गात होता. हुशार, अबोल, चूक झाली की कान लाल होणारा. डब्लिनला पुढचं शिकला आणि आता नोकरी शोधत होता. दर रविवारी चार वाजता, म्हणजे त्याच्याकडं सकाळी साडेअकराला, त्याचा फोन यायचा आणि तो आपणहून फ्रिज उघडायचा. काय तो फ्रिज! दूध, चीज, फळं, टोमॅटो, आणि भाजीच्या कप्प्यात अगदी पुढं कोथिंबिरीची हिरवीगार जुडी. सुमनताई मला मुद्दाम बोलावून दाखवत. "कोथिंबीर कोण घेतं, बाई? ज्याला सैपाकाला जीव हाय तो." मग त्यानं विचारायचं, आई तू काय केलंस आज? त्यांनी सांगायचं, मेथीची भाजी, बाजरीची भाकर, ठेचा. कधी भरली वांगी. तो तिकडून मिटक्या मारल्यासारखं करायचा.

मग एके दिवशी आम्ही दारात शेंगा निवडत बसलो होतो आणि त्या एकदम म्हणाल्या, "बाई, हा पोरगा सैपाकघरात जर्किन घालून का उभा राह्यतो?"

"थंडी असेल."

"आन् बूट?"

त्यांच्या बोटात शेंग फुटायची राहिली होती. "सोताच्या घरात बूट घालून फ्रिज कोण उघडतं? चार रविवार बघून राह्यले मी. आन् फ्रिजवर एक म्हातारीचा फोटू हाय, चुंबकानं लावलेला. ती कोण?"

त्या रात्री त्यांना झोप लागली नसावी, कारण दुसऱ्या दिवशी त्यांनी गल्लीतल्या पाटलांच्या मुलीची बॅग चार वेळा तोलली. आकडा दर वेळी तोच. तरी त्या म्हणायच्या, पुन्हा उचला. पाटलांचा मुलगा वैतागला. मी त्यांच्याकडं बघत होते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या घरी निवांत बसून सगळं ओळखणारी बाई, तिला आता काट्यावरचा आकडाही पटत नव्हता.

घरी येताना पाटलांच्याच जिन्यावर बसल्या आणि बोलल्या. "खरं इचारलं तर तो फोन करायचं बंद करील. लाजंल. लई मानी हाय, बापावर गेलाय. आन् नाय इचारलं तर माझा जीव जाईल. काय करू सांगा. तुम्ही शिकलेल्या हायेत."

शिकलेलीला काही सुचलं नाही. त्यांनाच सुचलं. पुढच्या रविवारी चारला मला बोलावलं, फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमचं ऐकंल तो. मी नळ बघून येते, पाणी आल्यावाणी वाटतंय." पाण्याचा दिवस नव्हता. ते त्यांना ठाऊक होतं, मलाही, आणि मला वाटतं किरणलाही.

मी शाळेतल्या आवाजात विचारलं, "किरण, कुणाचं घर आहे हे?"

त्याचे कान त्या एवढ्याशा पडद्यावरही लाल झालेले दिसले. "एका आजींचं, बाई. एकट्या असतात. रविवारी त्यांच्याकडं काम करतो. भांडी, झाडलोट, बागेतलं गवत."

"आणि तू कुठं राहतोस?"

"होतो ते घर मालकानं विकलं. खोली मिळतच नाही, बाई. एका खोलीसाठी रांग लागते, रेशनला लागायची तशी. एका मित्राच्या घरी जिन्याखाली गादी टाकलीय. चार महिने झाले. नोकरी लागली की बघू."

"आणि ही कोथिंबीर? त्या आजी खातात?"

त्यानं फ्रिजचं दार लोटलं. मग म्हणाला, "ती मी आणतो. येताना. आईला दाखवायला. बाई, तिला सांगू नका ना."

सुमनताई आत आल्या. पदराला हात पुसत होत्या, हात कोरडेच होते. माझ्याकडं बघत राहिल्या. आणि मी, आयुष्यभर पोरांना खरं बोला म्हणून सांगितलेली बाई, म्हणाले, "छान आहे हो सगळं. काही काळजी करू नका."

त्या हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. फोन घेतला, पोराला म्हणाल्या, बरं, जेव वेळेवर, आणि ठेवून दिला. मग मला म्हणाल्या, "मी बी आसंच सांगते, बाई. ह्याच सुरात."

मला इतकी लाज वाटली की मी आठवडाभर त्यांच्याकडं गेले नाही. भिंतीपलीकडं त्यांच्या चपला फरफटताना ऐकू यायच्या, इकडून तिकडं, तिकडून इकडं. मी रेडिओ लावायचे.

शनिवारी दुपारी त्यांनीच हाक मारली. "बाई, जरा या. एकटीच्यानं व्हायचं नाय." मी गेले. पुढच्या आठवड्यात मी मृणालकडं निघणार होते, मला वाटलं त्याबद्दलच काही असेल. तर त्या स्वयंपाकघरात उभ्या, हातात फोन, आणि रिंग चाललेली. शनिवारी त्या किरणला कधी फोन करत नसत.

त्यानं उचलला. मागं अंधुक भिंत. "आई? काय झालं? बरं आहे ना?"

"बरं हाय. तू नुसतं बघ. बोलू नको." त्यांनी फोन फिरवला आणि आपला फ्रिज उघडला.

मी तो फ्रिज तोवर कधी आतून पाहिला नव्हता. एक दुधाची पिशवी. औषधाची बाटली. वाटीत अर्धं लिंबू, सुकलेलं. बाकी सगळा रिकामा. त्यांनी वाकून भाजीचा कप्पाही ओढला, त्यात वर्तमानपत्राचा कागद होता, दुसरं काही नाही. दुसऱ्यांच्या पोरांसाठी मसाला भाजल्याचा खकाणा माझ्या घरात यायचा, पण त्यांच्या स्वतःच्या भाजीची फोडणी मी कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. मधे चार इंचांची भिंत, आणि हे माझ्या ध्यानात येऊ नये!

"हे खरं हाय," त्या फोनला म्हणाल्या. "तुझा बाप गेल्यापासून मी एकटीसाठी सैपाक करत नाय. चूल पेटवावीशी वाटत नाय. चहात टोस बुडवून खाते. मेथी नाय, वांगी नाय. दर ऐतवारी तुला खोटं सांगत हुते. तू माझ्या फिकिरीत राहू नये म्हणून."

त्यांनी फ्रिजचं दार लावलं आणि फोन पुन्हा तोंडासमोर धरला.

"झालं माझं. आता तू दाखव. फ्रिज नको. निजतो कुठं ते दाखव."

मला वाटलं तो फोन बंद करील. मग चित्र हललं. जिन्याची उतरती खालची बाजू दिसली, तिला टेकून दोन सायकली, बुटांची रांग, आणि भिंतीकडेला अरुंद गादी. घडी घातलेलं पांघरूण. भिंतीवर ओल चढलेली. तो कॅमेरा सावकाश फिरवत होता, काही वगळत नव्हता. अख्ख्या घराची बॅग आपण भरून देतो आणि ती उघडायला पोराला जागाच नसते, असं काहीतरी माझ्या मनात आलं आणि मी ते मनातच ठेवलं.

सुमनताई रडतील म्हणून मी त्यांच्या खांद्याला हात लावायला गेले. त्या पडद्यात डोळे घालून नेहमीसारख्या तपासत होत्या, डोक्याकडून पायाकडं.

"उशी कुठंय?"

"नाही गं. घ्यायची राहिली."

"का राह्यली?"

"... गुणलं," तो म्हणाला.

त्यांनी डोळे मिटले, उघडले. "आज घे. आत्ता जा आन् घे. मी बी आज चूल पेटवते. बाई, तुमच्याकडं दोन वांगी हायेत का?"

मी वांगी आणून दिली. त्यांनी फोन तिखटमिठाच्या डब्याला टेकवून उभा केला होता. तो अजून उठला नव्हता, जिन्याखाली भिंतीला पाठ लावून बसला होता. त्या विळीवर कांदा चिरायला बसल्या आणि मधूनच मान वर करून बघायच्या, तो आहे का. मी चपला घालून दारात उभी राहिले. आता तरी म्हणतील, ये बाबा परत, असं मला वाटत होतं. त्या म्हणाल्या नाहीत. कढईत तेल तापलं, मोहरी तडतडली, तसा तो पोरगा पडद्याजवळ सरकला.